पाणबुड्याच्या मनगटावरचा संगणक : मोजलेले किती, मानलेले किती?

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्याच्या मनगटावर आज घड्याळाएवढे एक यंत्र असते. त्याला ‘डाइव्ह कॉम्प्युटर’ म्हणतात. या लेखात आपण त्याला नुसते ‘संगणक’ म्हणू. त्याच्या पडद्यावर मुख्यतः तीन आकडे दिसतात : आपण किती मीटर खोल आहोत, उतरून किती मिनिटे झाली, आणि आणखी किती मिनिटे येथे थांबले तरी वाटेत कोठेही न थांबता वर जाता येईल. पहिले दोन आकडे यंत्राने मोजलेले असतात. तिसरा मोजलेला नसतो. तो हिशोबाने काढलेला असतो आणि तो हिशोब काही गोष्टी गृहीत धरून केलेला असतो. पडद्यावर मात्र तिन्ही आकडे सारख्याच ठसठशीतपणे उमटतात.

‘हे यंत्र विश्वासार्ह आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, ते याच कारणाने. खोली आणि वेळ यांबाबत विचारत असाल तर उत्तर बहुतांशी ‘हो’ असे आहे. पण पाणबुड्याचा जीव अवलंबून असतो तो तिसऱ्या आकड्यावर, आणि त्या आकड्याची गोष्ट निराळी आहे. ती समजून घेण्यासाठी आधी धोका काय आहे ते पाहू.

धोका कशाचा?

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर पृष्ठभागावरील एक आणि पाण्याचे तीन मिळून चार वातावरणे दाब असतो. इतक्या दाबाखाली छाती फुगवून श्वास घ्यायचा तर आत येणारी हवाही त्याच दाबाची हवी. टाकीला जोडलेला रेग्युलेटर नेमके हेच काम करतो. परिणामी पाणबुड्या पृष्ठभागावरच्या चौपट दाबाची हवा फुप्फुसांत घेत असतो.

हेन्रीचा नियम आपण शिकवतो : द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात वाढते. हवेतला ऑक्सिजन शरीर वापरून टाकते. नायट्रोजनचा शरीराला काही उपयोग नसतो. तो रक्तातून सगळ्या ऊतींमध्ये जाऊन विरघळत राहतो. खाली असेपर्यंत त्याचा त्रास आजाराच्या स्वरूपात होत नाही. पण माणूस झटकन वर आला की दाब एकदम उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. गोटी सोड्याची गोटी दाबताच जे बाटलीत होते तेच रक्तात आणि सांध्यांत घडते. सांधे असह्य दुखतात. बुडबुडे मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडतात. क्वचित मृत्यूही ओढवतो. या आजाराला ‘बेंड्स’ म्हणतात.

हा आजार पाणबुड्यांच्या आधी पूल बांधणाऱ्यांना ठाऊक झाला. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेच्या पेट्यांत उतरून पाया खणणारे मजूर वर आल्यावर वेदनेने वाकून जात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ साली याच आजाराने खिळले आणि पुढचे काम त्यांना घरूनच पाहावे लागले. १८७८ साली फ्रान्सचे पॉल बेर यांनी या सगळ्यामागे नायट्रोजनचे बुडबुडे आहेत हे दाखवून दिले.

हाल्डेन यांचा तोडगा

बुडबुडे होऊ न देता वर कसे यावे याचा पहिला शास्त्रीय हिशोब जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी केला आणि १९०८ साली प्रसिद्ध केला. (पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे यांचे चिरंजीव.) त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवले आणि दाब निरनिराळ्या रीतीने उतरवला. बकरीने पुढचा पाय उचलून धरला की तिचा सांधा दुखतो आहे असे समजायचे.

शरीरातल्या प्रत्येक ऊतीत नायट्रोजन किती वेगाने शिरतो हे मोजणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी शरीराच्या जागी पाच कप्पे कल्पिले. प्रत्येक कप्प्याला एक ‘अर्धकाल’ दिला : ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे. कप्प्यातला दाब आणि बाहेरचा दाब यांतील तफावत दर अर्धकालात निम्मी होते, असा नियम. किरणोत्सर्गाचा अर्धायुकाल शिकवताना आपण जे गणित करतो तेच हे.

वर्गात फळ्यावर हे सहज करून पाहता येईल. हवेत नायट्रोजन सुमारे ७९ टक्के. म्हणून पृष्ठभागावर सर्व कप्प्यांत ०.७९ वातावरण इतका नायट्रोजनचा दाब आहे. पाणबुड्या ३० मीटरवर गेला; तेथे श्वासातल्या नायट्रोजनचा दाब ४ × ०.७९ म्हणजे ३.१६. तफावत २.३७. आता १० मिनिटे अर्धकालाचा कप्पा घ्या. १० मिनिटांनी तफावत निम्मी झाली, म्हणजे कप्प्यातला दाब सुमारे १.९८ झाला, २० मिनिटांनी २.५७, ३० मिनिटांनी २.८६. आजचा संगणक हेच करतो, फक्त दर काही सेकंदांनी करतो आणि अधिक कप्प्यांसाठी करतो. झुरिकचे आल्बर्ट ब्यूलमान यांच्या प्रसिद्ध पद्धतीत असे १६ कप्पे आहेत.

येथवर सगळे सरळ आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. कप्प्यात किती दाब साठला म्हणजे ‘आता थेट वर येणे सुरक्षित नाही’ असे म्हणायचे?

रेघ कोणी ओढली?

बकऱ्यांच्या प्रयोगांवरून हाल्डेन यांनी ठरवले की दाब निम्म्यावर आणला तरी चालते. म्हणजे पृष्ठभागावर येताना कप्प्यात नायट्रोजनचा दाब नेहमीच्या दुपटीपर्यंत, १.५८ पर्यंत, चालेल. १९६५ साली अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट वर्कमन यांनी ही मर्यादा कप्प्यागणिक वेगळी असायला हवी असे मांडले आणि १० मिनिटांच्या कप्प्याला सुमारे २.७ इतकी सूट दिली.

आपल्या उदाहरणात हे दोन आकडे घालून पाहा. मर्यादा १.५८ धरली तर १० मिनिटांचा कप्पा ३० मीटरवर सुमारे ६ मिनिटांत भरतो. मर्यादा २.७ धरली तर साडेतेवीस मिनिटे लागतात. हेन्रीचा नियम तोच, खोली तीच, घड्याळ तेच, कप्पाही तोच. बदलली ती फक्त माणसाने ओढलेली रेघ.

कागदी तक्त्यांमध्येही हेच दिसते. न थांबता वर येण्यासाठी ३० मीटरच्या आसपास किती वेळ राहता येईल याचे अमेरिकी नौदलाच्या १९५७ सालच्या तक्त्याने दिलेले उत्तर २५ मिनिटे. हौशी पाणबुड्यांना शिकवणाऱ्या ‘पाडी’ या संस्थेच्या १९८८ सालच्या तक्त्यात ते २० मिनिटे आहे, ब्यूलमान यांच्या १९८६ सालच्या तक्त्यात १७, आणि कॅनडाच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या तक्त्यात १५. चारही तक्ते जाणकारांनी केलेले, चारही वर्षानुवर्षे वापरलेले. यांतला खरा कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. धोका २५व्या किंवा १५व्या मिनिटाला सुरू होत नाही. तो हळूहळू चढत जातो आणि प्रत्येकाने त्या चढावर आपापल्या जागी खूण केली आहे.

रिक्षाच्या मीटरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. मीटर चाकाचे फेरे मोजतो. भाड्याचा आकडा मात्र कोणीतरी ठरवून दिलेल्या दराने काढलेला असतो. दर बदलला की तेवढ्याच अंतराचे भाडे बदलते. मीटर बिघडलेला नसतो. डाइव्ह कॉम्प्युटरच्या तिसऱ्या आकड्यात असा एक ‘दर’ दडलेला असतो आणि बहुतेक वापरणाऱ्यांना तो कोणी ठरवला हे माहीत नसते.

संगणकाचे खरे गुण

टीका करण्यापूर्वी यंत्राला न्याय द्यायला हवा. कागदी तक्ता असे धरून चालतो की पाणबुड्या संपूर्ण वेळ सर्वांत खोल जागी होता. प्रत्यक्षात तो वरखाली होत असतो. संगणक दर क्षणाची खोली हिशोबात घेतो. दुसऱ्या बुडीच्या वेळी पहिल्या बुडीचा उरलेला नायट्रोजन तो विसरत नाही. थकलेला, गारठलेला माणूस बेरीज चुकतो, यंत्र चुकत नाही. वर येण्याचा वेग वाढला की ते इशारा देते. १९८३ साली ‘ऑर्का एज’सारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रे बाजारात आली आणि पुढे काही वर्षांतच कागदी तक्ते मागे पडले, ते या गुणांमुळेच. आज हौशी पाणबुड्यांत बेंड्सचे प्रमाण दहा हजार बुड्यांमागे अगदी थोडे आहे.

म्हणून ‘संगणक फेकून द्या’ असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या बिघाडांचा विचार करताना होणाऱ्या गल्लतीला. हे यंत्र तीन ठिकाणी फसू शकते आणि तिन्ही ठिकाणचे फसणे वेगवेगळ्या जातीचे आहे.

पहिले फसणे : मोजमापाचे

संगणकातला दाबमापक चुकला की खोली चुकते आणि मग सगळाच हिशोब चुकतो. २०१२ साली अझोपार्डी आणि सेयर यांनी ४७ मॉडेलच्या संगणकांना दाबकक्षात घालून त्यांची खोली व तापमान तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाब एकच असताना सर्वांनी दाखवलेली खोली एकच नव्हती. यातला काही फरक निरुपद्रवी असतो : गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून दोन-तीन टक्के हलके असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यासाठी जुळवलेले यंत्र तलावात खोली थोडी कमी दाखवते. हिशोब दाबावर चालत असल्याने नायट्रोजनच्या गणिताला त्याने बाधा येत नाही. पण दाबमापकच बिघडला तर गोष्ट गंभीर होते. ‘सून्टो’ कंपनीच्या संगणकांत असा दोष असल्याच्या दाव्यावर अमेरिकेत न्यायालयात खटला झाला. २०१८ साली तडजोड होऊन तपासणी व दुरुस्तीची सोय करण्यात आली. कंपनीने दोष मान्य केला नाही.

या जातीचा दोष त्यातल्या त्यात सोपा म्हणायचा. सोबत्याच्या संगणकाशी आकडा ताडून पाहता येतो. दोरीला खुणा करूनही खोली तपासता येते. मोजलेली गोष्ट पुन्हा मोजता येते.

दुसरे फसणे : गृहीतकाचे

‘अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स’ या संगणकाची कथा प्रत्येक विज्ञानशिक्षकाने सांगावी अशी आहे. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवून नायट्रोजन कमी केलेली हवा. ती श्वासात घेतली की खाली जास्त वेळ राहता येते. या संगणकाला टाकीतल्या मिश्रणाचे प्रमाण सांगावे लागे. १९९०च्या दशकाच्या मध्यात विकल्या गेलेल्या काही यंत्रांत आज्ञावली अशी होती की पाणबुड्या बोटीवर येऊन बसला तरी तो नायट्रॉक्सच श्वासात घेतो आहे असे यंत्र धरून चाले. प्रत्यक्षात तो साधी हवा घेत असे.

याचा परिणाम काय होईल हे विद्यार्थ्यांना विचारा. ३६ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात पृष्ठभागावर नायट्रोजनचा दाब ०.६४ असतो, हवेत ०.७९. बाहेरचा दाब कमी धरला की शरीरातला नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा लवकर बाहेर पडला असे हिशोबात दिसते. मग दुसऱ्या बुडीला यंत्र जास्त वेळ देते. ही यंत्रे अमेरिकेत परत मागवल्याचे २००३ साली जाहीर झाले. दाबमापक ठीक, घड्याळ ठीक, बेरीज-वजाबाकीही अचूक. चुकले ते हिशोबातले एक वाक्य. असा दोष यंत्राकडे कितीही निरखून पाहिले तरी दिसत नाही, आणि शेजारच्या माणसाकडे त्याच जातीचे यंत्र असेल तर ताडूनही सापडत नाही.

तिसरे फसणे : प्रतिमानाचे

१९५९ साली इटलीत एक गमतीदार यंत्र निघाले. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नव्हते. एका लवचीक पिशवीतला वायू सच्छिद्र तुकड्यातून हळूहळू पलीकडे झिरपे आणि काटा फिरे. झिरपण्याचा वेग हा शरीरात वायू शिरण्याच्या वेगाचा नमुना मानला होता. म्हणजे सगळे शरीर एकाच कप्प्यात कोंबलेले. यंत्र आपले काम इमानेइतबारे करी. पण शरीर एका कप्प्याचे नाही. एकामागून एक बुड्यांमध्ये ते नौदलाच्या तक्त्यांपेक्षा जास्त सूट देई आणि पाणबुड्यांनी त्याला ‘बेंड-ओ-मॅटिक’ असे नाव ठेवले.

आजची प्रतिमाने याहून किती तरी चांगली आहेत. तरीही ती प्रतिमानेच आहेत. १६ कप्पे म्हणजे १६ अवयव नव्हेत. शस्त्रक्रियेत ते कोणाला सापडणार नाहीत. शरीरात नायट्रोजन किती आहे हे मनगटावरचे कोणतेही यंत्र मोजत नाही.

मग प्रतिमान बरोबर आहे हे तपासायचे कसे? माणसांना पाण्यात उतरवून. आणि येथेच मोठी अडचण आहे. बेंड्स दुर्मिळ आहे ही आनंदाची गोष्ट तपासणीला मात्र मारक ठरते. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे : ‘न’ वेळा प्रयोग करून एकदाही अपाय झाला नाही, तर अपायाचे खरे प्रमाण फार तर ३ भागिले ‘न’ असावे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ३०० बुड्या निर्विघ्न पार पडल्या तर इतकेच कळते की धोका बहुधा शंभरात एकाहून जास्त नाही. दहा हजारांत एक इतका कमी धोका सिद्ध करायचा तर तीस हजार निर्विघ्न बुड्या हव्यात. अमेरिकी नौदलाने एडवर्ड थालमन यांच्या पद्धतीसाठी स्वयंसेवकांवर मोठ्या प्रमाणात चाचण्या केल्या आणि २००१च्या सुमारास ती पद्धत असलेला संगणक आपल्या माणसांच्या हाती दिला. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलच्या प्रत्येक नव्या आज्ञावलीची अशी परीक्षा होत नाही.

परीक्षा न झालेल्या गोष्टीवर किती विश्वास बसू शकतो, याचे उदाहरण ताजे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘वर येताना पहिला थांबा बराच खोल घ्यावा, म्हणजे बुडबुडे वाढण्याआधीच दबतील’ हा विचार जोर धरू लागला. तर्क पटण्याजोगा होता, अनुभवी पाणबुडे त्याची ग्वाही देत होते आणि तो अनेक संगणकांत शिरला. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक केंद्राने त्याची कसोटी घेतली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ५२ मीटर खोली, ३० मिनिटे मुक्काम आणि वर येण्यास एकूण १७४ मिनिटे. दोन्ही गटांना वेळ सारखाच, फक्त थांब्यांची वाटणी वेगळी. उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांत तिघांना बेंड्स झाला. खोल थांब्यांच्या १९८ बुड्यांत त्याच्या तिपटीहून जास्त जणांना झाला. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. हा निकाल एका विशिष्ट खोलीचा आहे, तो प्रत्येक बुडीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण ज्या यंत्रांनी आपल्या आकड्यांत खोल थांबे बसवले होते त्यांच्या पडद्यावर शंकेचे एकही चिन्ह कधी उमटले नव्हते.

यंत्राला जे कळत नाही

शरीराशरीरांतला फरक तर आणखी वेगळा. जन्मापूर्वी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखे भोक असते. सुमारे दर चार प्रौढांपैकी एकात ते पूर्ण बुजलेले नसते. अशा माणसात शिरांमधले बुडबुडे फुप्फुसांची गाळणी टाळून थेट धमन्यांत जाऊ शकतात. बहुतेकांना आपल्याला असे भोक आहे हे माहीतही नसते. तळाशी केलेले कष्ट, वर येताना भरलेली थंडी यांचाही परिणाम होतो. काही संगणक पाण्याचे तापमान किंवा हृदयाचे ठोके हिशोबात घेतात. पण त्यावरून किती मिनिटे कापायची हे पुन्हा कोणीतरी मानलेलेच असते. मर्यादेच्या आत राहूनही बेंड्स झालेले पाणबुडे डॉक्टरांना सतत भेटतात. ‘माझा संगणक तर सगळे ठीक दाखवत होता’ हे वाक्य आजार नाकारण्याचे कारण होते आणि उपचाराला उशीर होतो. या यंत्रापासून होणारा सर्वांत मोठा अपाय आमच्या मते हाच आहे.

आमचे म्हणणे

युरोपात या यंत्रांसाठी ‘ईएन १३३१९’ हे मानक लावले जाते. ते खोली आणि वेळ मोजण्याच्या अचूकतेविषयी आहे. वर येण्याविषयी यंत्र जी माहिती दाखवते ती आपल्या कक्षेबाहेर आहे, असे ते मानक स्वतःच स्पष्ट सांगते. म्हणजे ‘मानकानुसार’ हा शिक्का पहिल्या दोन आकड्यांना लागू आहे आणि ग्राहक तो तिसऱ्यासाठी वाचतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. यंत्र कोणत्या पद्धतीने हिशोब करते आणि तिच्यात कोणते आकडे घातले आहेत हे उत्पादकाने उघड करावे. ब्यूलमान यांनी आपले आकडे पुस्तकात छापले आहेत. त्यामुळे कोणालाही ते कागदावर पडताळता येतात. जेथे पद्धत झाकून ठेवली जाते तेथे वापरणाऱ्याने विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? दुसरे, माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानावर ‘कोणताही संगणक बेंड्स टाळण्याची हमी देऊ शकत नाही’ असे छापायचे आणि जाहिरातीत मिनिटा-मिनिटाची खात्री विकायची, हे थांबावे. आज बहुतेक संगणकांत सावधपणा कमी-जास्त करण्याची सोय असते. एक कळ दाबली की उरलेली मिनिटे बदलतात. ती रेघ निसर्गाने ओढलेली नाही याची ही उत्पादकांनीच दिलेली कबुली आहे. मग ती मोठ्याने द्यावी.

वापरणाऱ्यासाठीही यातून काही निघते. प्रत्येकाचा संगणक स्वतंत्र हवा, कारण प्रत्येकाची बुडी स्वतंत्र असते. दोन यंत्रांचे आकडे जुळले नाहीत तर जास्त सावध असेल त्याचे ऐकावे. शून्य मिनिट येईपर्यंत थांबू नये. आणि वर आल्यावर सांधा दुखला, मुंग्या आल्या, तर पडद्याकडे न पाहता डॉक्टरकडे जावे.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ सहलीला जाणारे विद्यार्थी प्रशिक्षकाबरोबर काही मीटर खोल, थोडा वेळ उतरतात. तेवढ्यात नायट्रोजनची मर्यादा गाठली जात नाही. तेथला धोका वेगळा आहे आणि तो बॉइलच्या नियमात आहे. ४० मीटरवरून ३० मीटरवर येताना छातीतली हवा सव्वापट होते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. म्हणून उथळ पाण्यातही श्वास रोखून वर येणे फुप्फुसाला घातक ठरू शकते. रोखलेला श्वास कोणत्याही संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. विमानाने परतणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : वर येताना न थांबावे लागलेल्या एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. उंचावर दाब आणखी उतरतो, हे त्याचे कारण.

शेवटी शिक्षकांसाठी एक सूचना. वर दिलेला १० मिनिटांच्या कप्प्याचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा, आणि मग मर्यादेचा आकडा त्यांनाच निवडायला सांगावे. प्रत्येक गटाची ‘सुरक्षित मिनिटे’ वेगळी येतील. सर्वांचे गणित बरोबर असेल. मग विचारावे : तुमच्या धाकट्या भावाला पाण्यात सोडायचे असेल तर यांतला कोणता आकडा त्याच्या मनगटावर बांधाल, आणि का? या ‘का’चे उत्तर देताना मुले मोजलेले आणि मानलेले यांतला फरक आपोआप शिकतील.